गोजरबाईंनी पाहिलेलं अकोल्याचं स्थळ

धामणगाव बढ्यात कुणाची मुलगी लग्नाला आली, की त्या घरची बाई एखाद्या दुपारी गोजरबाईंच्या अंगणात यायची, ओट्यावर टेकायची आणि वांग्यांचा भाव विचारायची. तिला वांगी नको असायची, आणि गोजरबाईंना ते ठाऊक असायचं. त्या भाव सांगायच्याच नाहीत. पुढ्यातल्या मिरच्यांचे देठ खुडता खुडता विचारायच्या, "कितवं लागलं पोरीले?" मग ती बाई पदर सावरून खरं बोलायला लागायची.

गोजरबाईंनी आजवर किती लग्नं जमवली ते कुणी मोजलं नव्हतं. मोताळा, मलकापूर, नांदुरा, पार अकोल्यापर्यंत त्यांच्या हातून गेलेल्या मुली नांदत होत्या आणि एकही भांडून माघारी आली नव्हती. हे त्या स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नसत. दुसरं कुणी सांगेपर्यंत मात्र जागच्या उठत नसत.

त्यांची रीत ठरलेली होती. स्थळ पाहायला जायचं ते न कळवता, आणि तेही पुढच्या दारानं नाही. मागच्या दारी जाऊन पाणी मागायचं. पाणी कोण आणून देतं, कशात देतं, देणारीच्या हाताला भेगा किती, विहीर किती लांब, चुलीजवळ बसायला पाट आहे की नुसती जमीन, हे सगळं त्या एका तांब्याभर पाण्यात पाहून घेत. शेजारणीशी दोन शब्द बोलत. एवढं झालं की "कळवतो" म्हणून उठत आणि घरी येऊन गप्प बसत. त्यानंतर पहिला निरोप मुलाकडून आला पाहिजे, हा त्यांचा कायदा. मुलीकडच्यांनी त्या दारी दुसऱ्यांदा जायचं नाही. आणि आभाळ कोसळलं तरी 'पोरगी पदरात घ्या' असं म्हणायचं नाही.

या शेवटच्या गोष्टीला कारण होतं. गोजरबाईंच्या वेळी त्यांचे वडील एकाच दारी चार वेळा गेले होते आणि चारही वेळा हात जोडून तेच म्हणाले होते. पोरगी पदरात घेतली गेली. पुढं भाजीत मीठ जास्त झालं, दूध उतू गेलं, जावेचं पोर रडलं, की सासू म्हणायची, "हिचा बाप चारदा आला होता, पदरात घ्या म्हणत." वर्षभराच्या तापानं नवरा गेला, तेव्हा गोजरबाई ऐन पंचविशीत भावाकडं परत आल्या. सासू वारली, त्या गावाची वाटही मोडली. ते एक वाक्य मात्र त्यांच्याबरोबर माहेरी आलं आणि राहिलं.

भाऊ मोतीराम धाकटा. गावाबाहेर विहिरीवर त्याचं बागाईत होतं. वांगी, मिरची, मेथी लावायचा आणि मलकापूरच्या बाजारात न्यायचा. माणूस कष्टाळू, पण जो शेवटी बोलेल त्याचंच त्याला पटायचं. त्यामुळं त्या घरात सगळ्यांना शेवटी बोलायची घाई असे. त्याची बायको सुभद्राबाई फारसं बोलतच नसे. तिनं तो नादच सोडला होता.

यांची एकुलती एक मुलगी अन्नपूर्णा. नाव ठेवताना घाई झाली, असं गोजरबाई म्हणत, कारण तिची भाकरी एका अंगानं कच्ची आणि दुसऱ्या अंगानं काळी असायची. तिचं लक्षच तव्यावर नसे. वांग्याच्या शेंड्यात शिरणाऱ्या अळ्या वेचताना इतर बाया अळी दिसली की चिरडत; ही ती बाटलीत भरून घरी आणी, रोज पानं घाली, आणि तिचं पुढं काय होतं ते पाहत बसे. बाटली ठेवायची मिठाच्या बरणीशेजारी, कारण तिथं उजेड चांगला येतो. एकदा पाहुण्यांना वाढताना सुभद्राबाईनं अंधारात मिठाऐवजी तीच बाटली उचलली होती. त्या दिवसापासून घरात मीठ उघड्या वाटीत असे.

चौसष्ट सालच्या जूनमध्ये अन्नपूर्णा मॅट्रिक पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी. गावच्या हायस्कूलचे रंगराव मास्तर निकाल सांगायला स्वतः मळ्यात आले, विहिरीच्या कठड्यावर बसले आणि मोतीरामला म्हणाले की या मुलीला पुढं शिकवा. फीचं सरकार पाहतं आता. मॅट्रिकनंतर तीन वाटा असतात, आर्ट्स, कॉमर्स आणि सायन्स. तिन्ही चांगल्या, पण हिनं अकोल्याला जाऊन सायन्स घ्यावं.

गोजरबाई बांधावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, या तिघांत थोरला कोण?

मास्तर म्हणाले, तिघं सारखेच.

"सारखे हायत, तं तुमी सायन्सचंच नाव तीनदा काऊन घेतलं?"

मास्तर हसले. गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेकाची चौकशी केली. आर्ट्समध्ये काय शिकवतात? इतिहास, मराठी. ते तर घरी बसूनही होईल, आपल्याकडं सगळे सारखे इतिहासच सांगत असतात. कॉमर्समध्ये? हिशेब, व्यापार. त्याला कॉलेज कशाला, पोरीला महिनाभर मलकापूरच्या भाजीबाजारात उभी करा. आणि सायन्समध्ये? मास्तर जरा अडखळले. मग त्यांनी अन्नपूर्णेकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, ही बाटलीत जे करते ते.

"त्याचं कालेज निंघालं?" गोजरबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जुडी बांधायच्या थांबल्या.

त्या रात्री जेवताना सुभद्राबाईनं आपलं एक वाक्य खर्च केलं. तिथं बेडूक कापतात म्हणे, असं ती म्हणाली. गोजरबाई म्हणाल्या की हिला वांगं धड चिरता येत नाही, बेडकाला हिच्यापासून काही भय नाही. मोतीरामला आधी मास्तरांचं पटलं होतं, मग बायकोचं पटलं. शेवटी बहीण बोलली म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, "अक्का म्हनीन तसं."

अक्कांची मात्र खरी अडचण होती. अन्नपूर्णेसाठी त्यांनी मलकापूरचं एक स्थळ आधीच पाहून ठेवलं होतं. किसनराव म्हणून सरकी-ढेपेचे, म्हणजे गुरांच्या खाद्याचे व्यापारी, स्टेशनाच्या बाजूला दुकान, मागं घर. मुलगा दुकानात बसायचा, विडीसुद्धा ओढत नव्हता. गोजरबाईंनी मागच्या दारी पाणी मागितलं तर थोरल्या सुनेनं घासलेल्या तांब्यात आणलं होतं, हाताला एक भेग नव्हती, आणि परसात चक्क नळ होता. गोजरबाईंना त्या घरात खोट काढायला जागा सापडली नाही, आणि याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं. त्या "कळवतो" म्हणून आल्या होत्या.

आता हे दुसरं. दोन स्थळं हाती असली, की दोन्ही सारख्याच बारकाईनं पाहायची, हाही त्यांचा नेम होता. त्यांनी अन्नपूर्णेला सांगितलं, "चाल, तुहं अकोल्याचं पाहून येऊ."

अकोल्यात पुष्पाबाईकडं उतरायचं ठरलं. पुष्पाबाई धामणगावचीच, बारा वर्षांपूर्वी गोजरबाईंनीच तिला अकोल्यात दिली होती. तिनं दोघींचं मनापासून केलं, आणि गोजरबाई जेवायला बसल्या तशी नवऱ्याच्या तक्रारींची बारा वर्षांची थकबाकी सांगायला बसली. तो घोरतो, तो भाजीत गूळ घाल म्हणतो, तो बहिणीला विचारल्याशिवाय चप्पल घेत नाही. गोजरबाईंनी सगळं ऐकलं, भात मागून घेतला आणि विचारलं, मारतो का? पुष्पाबाई दचकून म्हणाली, नाही बा. मग गोजरबाई म्हणाल्या की घोरण्याचं मागच्या दारानं कळत नाही, तेवढी चूक माझी.

दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजात गेल्या. अन्नपूर्णा पुढच्या फाटकाकडं वळली, तर आत्याचा पत्ता नाही. आत्या भिंतीच्या कडेकडेनं इमारतीच्या मागं निघाल्या होत्या.

मागं एक गडी काचेची भांडी धूत बसला होता. नळ्या, चंबू, पेले, राशीनं पडलेले. गोजरबाईंनी एक नळी उन्हात धरून पाहिली आणि घासणं चोख आहे अशी मान हलवली. मग नेहमीप्रमाणं पाणी मागितलं. गड्यानं आजूबाजूला पाहिलं, हाताशी तांब्या नव्हता, म्हणून त्यानं एक काचेचा पेला खळखळून भरून दिला. पेल्यावर रेघा होत्या आणि रेघांवर आकडे होते. पाहुण्याला मोजून पाणी देणारं घर गोजरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. पण पाणी थंड होतं आणि गड्याला आखडूपणा नव्हता.

वरच्या वर्गातल्या चार मुली त्या दिवशी नाव घालायला आल्या होत्या. सायन्सला मुली तेवढ्याच. गोजरबाईंनी चौघींना चार कोपऱ्यांत गाठलं. सुनांना एकत्र विचारलं तर सगळ्या सुखी असतात, हे त्यांना माहीत होतं. एकीनं सांगितलं की गणित फार जड जातं. दुसरीनं सांगितलं की मागच्या बाकावरची मुलं मुलींच्या आवाजाची नक्कल करतात. तिसरी म्हणाली, प्रोफेसर इंग्रजीत इतकं भरभर बोलतात की पहिले तीन महिने नुसतं पाहत बसावं लागतं. चौथी रडायलाच लागली. तिला दोन विषयांत पुन्हा बसायचं होतं. गोजरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाकी तिघींना विचारला होता तोच प्रश्न तिलाही विचारला: घरी परत जायचं आहे का?

चौघीही नाही म्हणाल्या. रडणारी तर प्रश्न संपायच्या आतच म्हणाली.

यानंतर त्या ऑफिसात गेल्या. तिथं अर्जुनराव नावाचे चष्मेवाले हेडक्लार्क होते. त्यांनी अन्नपूर्णेचे मार्क पाहिले, चांगले आहेत म्हणाले, छापील अर्ज पुढं केला आणि इथंच भरून द्या म्हणून सांगितलं. तीस जून शेवटची तारीख. अन्नपूर्णेनं दौतीकडं हात नेला. आत्यानं तो अर्ज उचलला, त्याची नीट चार पदरी घडी केली आणि पिशवीत टाकला.

"पाहतो," त्या म्हणाल्या. "कळवतो तुमाले. आमचं मलकापुरातही बोलनं चालू हाय."

अर्जुनरावांनी चष्मा वर केला. "मलकापुरात सायन्स सुरू झालं?"

"सायन्स नाई. सरकी-ढेपेचं दुकान हाय."

अर्जुनरावांनी एकदा बाईंकडं पाहिलं, एकदा मुलीकडं पाहिलं. मुलगी भिंतीवरच्या जगाच्या नकाशात शिरता येईल का ते पाहत होती. त्यांनी बरं म्हटलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. गोजरबाई उठताना खूश होत्या. दुसरीकडंही मागणी आहे म्हटल्यावर समोरचा भानावर येतो, हा त्यांचा अनुभव होता. परतीच्या पॅसेंजरमध्ये त्यांनी अन्नपूर्णेला समजावलं की पहिल्याच भेटीत सही करणाऱ्या मुलीला पुढं जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. आता ते लोक निरोप धाडतील.

अन्नपूर्णेनं सांगून पाहिलं की कॉलेज असं निरोप धाडत नसतं. गोजरबाई म्हणाल्या, सगळे आधी असंच म्हणतात.

मग त्या वाट पाहू लागल्या. गावचा पोस्टमन मळ्यावरून जाताना त्या बांधावर येऊन उभ्या राहत. अकोल्याचं काही? तो नाही म्हणे. दोन-चार दिवसांनी तो दुसऱ्या वाटेनं जायला लागला. गोजरबाई अस्वस्थ नव्हत्या. जितकं घर मोठं तितका निरोप सावकाश, असं त्यांनी मोतीरामला सांगितलं, आणि मोतीरामला ते पटलं.

निरोप आला तो मलकापूरहून. किसनरावांनी भाजीबाजारातल्या अडत्याकडून मोतीरामला सांगून पाठवलं: मंडळींना स्थळ पसंत आहे, मंगळवारी मुलगी पाहायला पाच माणसं येतात. हा निरोप सांगणारा अडत्या त्या दिवशी मोतीरामशी सगळ्यात शेवटी बोलला होता, म्हणून मोतीराम हो म्हणून आला.

मंगळवारी तारीख तीस होती.

रीतीप्रमाणं सगळं बरोबर झालं होतं. पहिला निरोप मुलाकडून आला, मुलीकडचं कुणी वाकलं नाही. गोजरबाईंनी सुभद्राबाईला पुरणाला डाळ काढायला सांगितली. शेजारणींना कळलं आणि दोघी-तिघी वांग्यांचा भाव न विचारता सरळ आत आल्या. गोजरबाई मात्र त्या संध्याकाळी दोनदा डाळ निवडूनही तिसऱ्यांदा निवडायला बसल्या.

सोमवारी सकाळी त्या वांग्यात अळ्या वेचत होत्या. पलीकडच्या ओळीत अन्नपूर्णा होती. मग अन्नपूर्णा ओळीतूनच म्हणाली, "आत्या, ते येनार नाईत."

"कोन?"

"कालेजवाले. त्यायच्या दारी शंभर पोरं उभे हायत. ते कोनाच्या घरी जात नाईत. आपल्यालेच जा लागते. तू निरोपाची वाट पाह्यत बसशीन, तं तुहा मान राहीन आन मी मलकापूरले जाईन."

गोजरबाईंनी एक अळी काढली. "मलकापूर वाईट हाय काय?"

"नाई. चांगलं हाय. तिथं नळ हाय." अन्नपूर्णेनं एक पान उलटून पाहिलं. "म्हनून तं भेव वाटते. वाईट असतं तं तूच नाई म्हटलं असतं."

गोजरबाईंनी इतक्या मुलींची लग्नं जमवली, पण एकीलाही त्यांनी तुला काय पाहिजे असं विचारलं नव्हतं. त्यांच्या रीतीत मुलाचं घर पाहायचं होतं, सुना पाहायच्या होत्या, विहीर पाहायची होती. मुलीला विचारायचं कलमच नव्हतं. त्यांना वडील आठवले. वडील वाकले याचा राग त्यांनी तीस वर्षं सांभाळला होता. आता पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की ते वाकले यापेक्षा ज्या दारी वाकले ते दार चुकीचं होतं, ही गोष्ट मोठी होती. त्या चौथ्या मुलीचं रडणंही त्यांना आठवलं. असं रडत असूनही परत जायचं नाही म्हणणारी सून त्यांनी एकाही घरात पाहिली नव्हती.

हातातली अळी त्यांनी चिरडली नाही. "घे, तुह्या बाटलीत टाक," म्हणाल्या आणि घराकडं निघाल्या.

घरी जाऊन त्यांनी सुभद्राबाईला सांगितलं की उद्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघी अकोल्याला जाऊन येतो. सुभद्राबाई पुरण वाटायची थांबली. पाहुणे यायचे आहेत, त्यांना काय सांगू?

"जेवू घाल."

पोरीचं विचारलं तर?

"खरं सांग."

खरं काय आहे, असं सुभद्राबाईनं विचारलं. गोजरबाई म्हणाल्या, "ते मी आल्यावर सांगतो." मोतीरामला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. सकाळपर्यंत त्याच्याशी आणखी कोण बोलेल याचा नेम नव्हता.

पहाटे सुभद्राबाईनं लेकीच्या पिशवीत दशम्या बांधून दिल्या आणि हातात ती अळ्यांची बाटली दिली. तिकडं दाखव, म्हणाली, आणि परत आणू नको. एवढ्या वर्षांत तिनं शिक्षणाबद्दल दिलेला हा एकच कौल.

धामणगावची एसटी मलकापूरच्या स्टँडवर लागली. तीच गाडी उलटी धामणगावला जायची. गोजरबाई पायरीवरून उतरल्या, आणि समोर चढायच्या रांगेत किसनराव उभे होते. मागं त्यांची बायको, थोरली सून, एक काका, आणि नवी टोपी घातलेला मुलगा. काकांच्या हातात नारळाची पिशवी. मग किसनरावांच्या बायकोनं गोजरबाईंच्या मागं उतरणाऱ्या मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातातल्या बाटलीपाशी तिची नजर थबकली. मुलगी पाहायचा कार्यक्रम तिथंच, डिझेलच्या धुरात उरकला.

किसनरावांनी विचारलं की आम्ही तुमच्याकडं निघालो आणि तुम्ही कुठं?

"तुमी चाला पुढं," गोजरबाई म्हणाल्या. "घरी सुभद्रा हाय, पुरन केलं हाय. आमी अकोल्याले जाऊन राह्यलो."

"आज? अकोल्याले काऊन?"

गोजरबाईंच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मुलाकडच्यांना नाही कळवायचं तर त्यालाही रीत असते. पत्रिका जुळत नाही म्हणतात, घरात सुतक निघतं, कुणाच्या तरी अंगात येतं. त्यांच्याकडं अशी दहा कारणं तयार होती. पण गाडीचा भोंगा वाजत होता आणि मुलगी त्यांच्याकडं पाहत होती.

"पोरगी तिकडं द्याची हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं घर चांगलं हाय, किसनराव. खोट नाई. पन तिले तिकडचं पसंत हाय."

किसनरावांनी चिडून घराणं विचारलं. गोजरबाई म्हणाल्या की मोठं आहे, दुमजली, पाणी मोजून देतात. मुलगा काय करतो, असं काकांनी विचारलं. तेवढ्यात कंडक्टर ओरडला की तिकिटं फाडून झाली, चढायचं तर चढा. पाच तिकिटं किसनरावांच्या मुठीत होती. व्यापारी माणूस, फाडलेलं तिकीट वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पाचही जणं गाडीत चढली. टोपीवाल्या मुलानं खिडकीतून एकदा बाटलीकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं.

अकोल्याची पॅसेंजर उशिरा आली. कॉलेजात पोचेपर्यंत दुपार कलली होती. या खेपेला गोजरबाई पुढच्या दारानं गेल्या. ऑफिसच्या खिडकीसमोर रांग होती. धोतरातले बाप, पँटमधले मुलगे, हातात टोप्या, हातात कागद. गोजरबाई रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत उभं राहण्याचीही ही पहिलीच वेळ होती. आजवर लोक त्यांच्या अंगणात येत.

अर्ज अन्नपूर्णेनं भिंतीला टेकून भरला. पालक म्हणून आत्यानं अंगठा दिला. खिडकीशी नंबर लागला तेव्हा अर्जुनरावांनी त्यांना लगेच ओळखलं. "काय बाई, मलकापूरचं काय झालं?"

"सोडलं."

अर्जुनराव म्हणाले की सोडायला उशीर केला. त्या दिवशीच अर्ज दिला असता तर काळजी नव्हती. आता जागा थोड्या आणि अर्ज फार. मार्क बरे आहेत, पण वचन देता येत नाही. ठेवून जा, बघू.

'बघू' म्हणजे काय हे गोजरबाईंइतकं कुणाला माहीत असणार? तो शब्द त्यांनी स्वतः कितीतरी घरांना दिला होता. त्यांनी खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवले. मागच्या रांगेतले बाप ऐकत होते. अन्नपूर्णा शेजारी उभी होती. गोजरबाई म्हणाल्या,

"साहेब, चुकी माही हाय, पोरीची नाई. मी निरोपाची वाट पाह्यत राह्यली. पोरगी पदरात घ्या."

रांगेत कुणीतरी हसलं. अर्जुनराव हसले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला, चष्मा काढून पुसला. मला तीन मुली आहेत, बाई, ते म्हणाले. हे वाक्य माझं दोनदा म्हणून झालंय, तिसऱ्यांदा म्हणायचंय. त्यांनी अर्ज घेतला, सगळ्या रकान्यांवरून बोट फिरवलं, एक राहिलेला रकाना अन्नपूर्णेकडून भरून घेतला आणि शिक्का मारला. आपल्या हातात एवढंच आहे, म्हणाले. नाव लागलं तर घरी कार्ड येईल.

"घरी येईन?" गोजरबाईंनी विचारलं.

"हो, पोस्टानं."

गोजरबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी मागच्या बाजूला जाऊन त्याच गड्याकडून रेघांच्या पेल्यात पुन्हा पाणी मागितलं आणि दोन पेले प्याल्या.

घरी काय झालं ते सुभद्राबाईनं परतल्यावर थोडक्यात सांगितलं. मंडळी आली, पोटभर जेवली, काकांनी पुरणपोळी तीनदा मागून घेतली, नारळ परत घेऊन गेली. जाताना किसनराव म्हणाले की गोजरबाईंवर पुन्हा कुणी भरवसा ठेवणार नाही. मोतीरामला त्यांचं पटलं होतं, पण मग सुभद्राबाई त्याच्याशी बोलली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. ती शेवटी बोलली, एवढंच पुष्कळ होतं.

गावात ही गोष्ट तिखट-मीठ लावून फिरली. गोजरबाईंनी लेकराचं लग्न स्टँडवर मोडलं, कारकुनाच्या पाया पडल्या, असं बाया विहिरीवर बोलत. दोन आठवडे अंगणात भाव विचारायला कुणी आलं नाही. गोजरबाई मिरच्या खुडत बसत आणि वाटेकडं पाहत. पोस्टमनशी त्या आता गोड बोलत, त्यामुळं तो जास्तच घाबरला होता.

कार्ड आलं ते बाजारच्या दिवशी. मळ्यात भाजी घ्यायला चार-पाच माणसं होती, रंगराव मास्तरही होते. पोस्टमननं लांबूनच हात वर केला. गोजरबाईंनी ते कार्ड मास्तरांच्या हाती दिलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. कुमारी अन्नपूर्णा मोतीराम हिला प्री-युनिव्हर्सिटी सायन्सच्या वर्गात प्रवेश दिला आहे, तरी तिनं अमुक तारखेला हजर राहावं. मास्तरांचं वाचून झालं. गोजरबाई म्हणाल्या, मागच्या लोकांना ऐकू आलं नाही. मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"पाह्यलं?" गोजरबाईंनी सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. "निरोप त्यायनंच धाडला."

अन्नपूर्णेनं तोंड उघडलं. असं कार्ड नाव लागलेल्या प्रत्येकाला जातं, असं ती सांगणार होती. सुभद्राबाईनं न पाहता तिच्या पायावर पाय दिला, आणि गिऱ्हाईकाच्या झोळीत दोन वांगी जास्त टाकली.